इंग्रजीत पुढच्या गोष्टी सांगताना ‘विल’ कधी आणि ‘गोइंग टू’ कधी वापरायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: गुहागरला तुमचा होमस्टे आहे, शाळेत विल-शॅलचा तक्ता पाठ केला होता, तरी पाहुण्यांसमोर अडतं. जवळच्या गोष्टीला गोइंग टू आणि लांबच्या गोष्टीला विल, असा नियम आहे का?

नाही. जवळ-लांब हे आधी डोक्यातून काढून टाका. गोष्ट कधी घडणार ते बघू नका, आज ती कुठवर आली आहे ते बघा. आत्ता बोलताबोलता मनात आली, आधीच ठरलेली आहे, की दुसऱ्याशी बोलून पक्की झाली आहे? पाच वर्षांनी दोन खोल्या वाढवायचं ठरलं असेल तरी गोइंग टू येतं, आणि पुढच्या क्षणाला दार उघडायचं असेल तरी विल लागतं.

मी मालवणात इंग्रजी शिकवतो. वर्गात होमस्टेवाल्या ताई असतात, होडीवाले असतात. त्यांचं सगळ्यात जास्त कुठे अडतं, तर अगदी साध्या जागी. पाहुणे रिक्षातून उतरले, हातात जड बॅग आहे. आपण म्हणतो, “राहू दे, मी घेतो.” मराठीत हा वर्तमानकाळ, म्हणून तोंडातून निघतं, “आय टेक युवर बॅग.” पाहुण्याला अर्थ कळतो, पण इंग्रजीत ते रोजचं काम सांगितल्यासारखं होतं. तिथे हवं “आय विल टेक युवर बॅग”, आणि बोलताना पटकन “आयल टेक”. चहा आणतो, विचारून सांगतो, पंखा लावते, रिक्षावाल्याला फोन करते... हे सगळं त्या क्षणी ठरलेलं, म्हणून सगळीकडे विल. शाळेत विल म्हणजे ‘आणीन’, ‘सांगीन’ असं शिकवतात. पण पाहुण्यांसमोर आपण ‘आणीन’ क्वचितच म्हणतो, ‘आणतो’ म्हणतो. त्यामुळे पाठ केलेला तक्ता ऐन वेळी आठवतच नाही. घरात दिवसभर अशी जी वाक्यं बोलता, ती आठवून एकेक विलमध्ये म्हणून बघा. माझ्या मते पुस्तकातल्या रिकाम्या जागा भरण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

‘आलोच!’ तर त्याहून वेगळं. पाहुण्यांनी पडवीतून हाक मारली की आपण भूतकाळात उत्तर देतो. इंग्रजीत तिथे “आय ॲम कमिंग”. “आय केम” अजिबात नाही.

गोइंग टू मात्र आपल्या ‘-णार आहे’शी छान जुळतं. “यंदा मागच्या बाजूला कौलं बदलणार आहोत”: “वी आर गोइंग टू चेंज द रूफ टाइल्स.” ठरवलंय, कदाचित गवंड्याशी अजून बोलणंही झालं नसेल. डोळ्यांसमोर चिन्हं दिसत असतील तरी हेच. मृगाच्या सुमाराला समुद्राकडून काळं भरून आलं की “इट इज गोइंग टू रेन”. नुसता अंदाज असेल तर “आय थिंक इट विल रेन टुमॉरो”.

गोष्ट कुणाशी बोलून पक्की झाली असेल तर ‘येतायत, जातोय’ हे आपलं रूप जसंच्या तसं चालतं. शनिवारी पुण्याचं कुटुंब येतंय, बुकिंग झालंय: “अ फॅमिली फ्रॉम पुणे इज कमिंग ऑन सॅटरडे.” आणि वेळापत्रकाला साधा वर्तमान. धोपाव्याची फेरीबोट, चिपळूणची रेल्वे, यांना “लीव्ज ॲट” म्हणा. यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, तेव्हा ताज्या मासळीची चौकशी करणाऱ्याला “फिशिंग स्टार्ट्स अगेन ऑन द फर्स्ट ऑफ ऑगस्ट” असं सांगता येतं. तारीख दर्या नाही, सरकार ठरवतं, म्हणून हे रूप.

एक जागा मात्र जपा. “फेरी आली की निघू” यात आपण ‘आली’ म्हणतो, आणि इंग्रजीत घाईघाईने “व्हेन द फेरी विल कम” होऊन बसतं. व्हेन, इफ, अनटिल, बिफोर, आफ्टर यांच्या मागोमाग येणाऱ्या तुकड्यात हे विल येत नाही: “व्हेन द फेरी कम्स, वी विल गो.” विल फक्त दुसऱ्या तुकड्यात.

शॅलचं फार मनावर घेऊ नका. आय आणि वी यांच्याबरोबर शॅलच हवं, हा जुना नियम आता बोलण्यात फारसा उरलेला नाही. विचारायला मात्र ते फार गोड पडतं: “शॅल आय ब्रिंग सम सोलकढी?” म्हणजे “सोलकढी आणू का?”

विल हॅवचं प्रकरण सध्या बाजूला ठेवलंत तरी चालेल. एवढंच लक्षात असू द्या की “एव्हाना चिपळूणला पोचले असतील” हा आपला अंदाजही इंग्रजीत त्यानेच सांगतात: “दे विल हॅव रीच्ड चिपळूण बाय नाऊ.”