सीरम फोलेट ३.४ आले म्हणजे कमतरता समजायची का?

तुम्ही विचारले आहे की, तापाच्या दुखण्यातून उठल्यावर केलेल्या तपासणीत सीरम फोलेट (रक्तातील पेशी वगळून उरलेल्या द्रवातले फोलेट, म्हणजे बी ९ जीवनसत्त्व) ३.४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आले, अहवालात त्यापुढे ‘कमी’ अशी खूण आहे, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) मात्र व्यवस्थित आहे. तर फोलिक ॲसिडच्या (याच जीवनसत्त्वाच्या) गोळ्या स्वतःहून सुरू कराव्यात का. मी डॉक्टर नाही, प्रयोगशाळेत नमुने तपासण्याचे काम करतो. त्यामुळे उपचाराचे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवावे. हा आकडा कशाचा असतो आणि कुठे फसवतो, एवढे मी सांगू शकतो.

सीरम फोलेट हे साठ्याचे माप नव्हे. गेल्या काही दिवसांत पोटात काय गेले, त्यानुसार ते वरखाली होते, म्हणूनच नमुना शक्यतो उपाशीपोटी घेतात. आजारपणात आठ-दहा दिवस धड जेवण गेले नसेल, तर साठा शाबूत असूनही आकडा खाली येऊ शकतो. तांबड्या पेशींचे तसे नसते. त्या अस्थिमज्जेत तयार होतानाच फोलेट घेतात आणि सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात ते बाळगून असतात. त्यामुळे त्यांच्यातील फोलेट मागील दोन-तीन महिन्यांची स्थिती दाखवते. अर्थात मध्यंतरी रक्त चढवले असेल, तर त्या आकड्यात दात्याच्या पेशीही मिसळलेल्या असतात.

हा क्रम व्हिक्टर हर्बर्ट या अमेरिकी डॉक्टरांनी स्वतःवरच पडताळला होता. अन्न पुन्हा पुन्हा उकळून, ते पाणी टाकून देऊन, जवळजवळ फोलेट नसलेला आहार त्यांनी कित्येक महिने घेतला आणि निष्कर्ष १९६२ साली प्रसिद्ध केले. सीरम फोलेट सुमारे ३ आठवड्यांतच घसरले. ७ आठवड्यांच्या सुमारास पांढऱ्या पेशींच्या केंद्रकांना नेहमीपेक्षा जास्त पाळ्या (खंड) दिसू लागल्या. तांबड्या पेशींतील फोलेट १७ आठवड्यांच्या आसपास कमी झाले आणि रक्तक्षय त्यानंतर आला. तुमचे सीबीसी चांगले असणे या क्रमाशी जुळते, पण तेवढ्यावरून कमतरता नाहीच, असेही म्हणता येत नाही.

शिवाय ३.४ हा आकडाच अडचणीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका निकषाप्रमाणे ३ च्या खाली कमतरता धरतात, तर फोलेट कमी पडल्यावर रक्तात साचणारे होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल वाढू लागण्यावर आधारलेल्या निकषाप्रमाणे ४ च्या खाली. म्हणजे तुम्ही एका मापाने काठावर आहात आणि दुसऱ्या मापाने कमतरतेत. दुसऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल नॅनोमोल प्रति लिटर या एककात असेल तर दचकू नका, २.२६५ ने गुणल्यास तुमचेच ३.४ तेथे ७.७ होते.

नमुन्याचीही एक गोष्ट सांगतो. नळी यंत्रात फिरवल्यावर वर येणारे सीरम फिकट पिवळे असावे लागते. ते गुलाबी दिसले की तांबड्या पेशी फुटल्या आहेत हे आम्हाला कळते, आणि त्या पेशींत सीरमपेक्षा कितीतरी पट फोलेट असल्यामुळे आकडा खोटाच वाढतो. असा नमुना आम्ही पुन्हा मागवतो, मग रुग्णाने कितीही कुरकुर केली तरी. तुमचा आकडा कमी असल्याने तो या कारणाने फुगलेला असण्याची शक्यता फारशी नाही.

माझ्या मते तुमच्या अहवालातली खरी उणीव म्हणजे त्यात बी १२ जीवनसत्त्वाची तपासणी नाही. बी १२ कमी असले की फोलेट न वापरता येणाऱ्या रूपात अडकून पडते. सीरममध्ये ते पुरेसे किंवा जास्तही दिसते आणि पेशींत मात्र कमी भरते. अशा वेळी केवळ फोलिक ॲसिड घेतले, तर रक्तक्षय सुधारल्यासारखा वाटतो आणि नसांची हानी आतल्या आत चालूच राहते. होमोसिस्टीन दोन्ही कमतरतांत वाढते, मिथाइलमॅलोनिक ॲसिड (शरीरात तयार होणारे आणखी एक आम्ल) प्रामुख्याने बी १२ च्या कमतरतेत. म्हणून शंका उरली तर डॉक्टर या तपासण्याही सांगू शकतात.

तेव्हा गोळ्यांआधी बी १२ तपासून घ्या. ते ठीक असेल, तर डॉक्टरांना विचारून, काही आठवडे नेहमीसारखे जेवण झाल्यावर, त्याच प्रयोगशाळेत सकाळी उपाशीपोटी फोलेट पुन्हा करता येईल. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या किंवा मेथोट्रेक्सेट (संधिवात, कर्करोग अशा आजारांवरचे औषध) घेत असाल, तर नमुना देतानाच सांगा, कारण दोन्हींमुळे काही यंत्रांवरचा आकडा चुकतो. घरात कोणी गर्भधारणेचा विचार करत असेल, तर त्यांचा प्रश्न वेगळा आहे: रोजचे ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड गर्भधारणेपूर्वीच सुरू करायचे असते, आणि त्यासाठी या तपासणीची वाट पाहत नाहीत.