कर्जाचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न: मी 54 वर्षांचा माध्यमिक शिक्षक, सातारा जिल्हा. हातात पगार 85 हजार. मुलगी राहुरीहून एम.एस्सी. (कृषिविद्या) झाली. शाश्वत शेती व्यवस्थापनातल्या दोन वर्षांच्या संशोधन पदवीसाठी तिला ब्रिटनमध्ये प्रवेश मिळालाय. विषय कोरडवाहू रब्बी ज्वारी. खर्च 40 लाख, शिष्यवृत्ती नाही. बँक साडेदहा टक्क्यांनी कर्ज देतेय. कर्ज काढू की दोन एकर विकू? नोकरी लागली की ती दोन वर्षांत फेडेल. शिवाय बँकेतल्या साहेबांनी कर्जासोबत पॉलिसी दिली आहे. वर्षाला 3 लाख, दहा वर्षं. विसाव्या वर्षी 60 लाख, त्यातून सगळं फिटेल. पॉलिसीचा बॉण्ड, म्हणजे मूळ कागद, गेल्या आठवड्यात आला.

उत्तर: बॉण्ड गेल्या आठवड्यात आला, हे तुमचं नशीब. तो हातात पडल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते. किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. उद्याच विमा कंपनीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

तीस लाख भरून साठ मिळणार, म्हणजे दुप्पट, असं साहेबांनी सांगितलं असणार. पण प्रत्येक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो. परतावा पडतो जेमतेम साडेचार टक्के. म्हणजे साडेदहाने घ्यायचे आणि साडेचारने ठेवायचे! शिवाय 60 लाख येतील तेव्हा तुम्ही 74 वर्षांचे असाल. कर्जाचा शेवटचा हप्ता त्याआधी सात वर्षं भरून झालेला असेल (हिशेब खाली आहे). मग या पैशातून फेडायचं काय? तोवर पगारातले महिन्याला 25 हजार गेले, आणि 58 नंतर तेच पेन्शनमधून. 'पॉलिसीशिवाय कर्ज होत नाही' असं म्हणाले तर 'हे लेखी द्या' म्हणा. देणार नाहीत, कारण अशी सक्ती करता येत नाही. पैसे अडवले तर विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करा. विमा घ्यायचाच तर मुलीच्या नावाने साधा टर्म विमा (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या. कर्ज तिच्या कमाईवर फिटणार आहे ना?

आता कर्ज. शिक्षण आणि नंतरचं एक वर्ष धरून तीन वर्षांत व्याज चढून 40 चे 50 लाख होतील. दहा वर्षांसाठी हप्ता 67-68 हजार. तो सुरू होईल तेव्हा तुमच्या निवृत्तीला वर्ष उरलेलं असेल. दोन वर्षांत फेडायचं तर महिन्याला सव्वादोन लाखांच्या पुढे. खर्च वजा जाता एवढे उरतील अशी नोकरी तिथे नवख्या कृषी संशोधकाला मिळेल, हे तुम्हाला कोणी सांगितलं? परदेशी प्रवेश करून देणाऱ्या एजंटानेच ना?

संशोधनासाठी पदरचे 40 लाख घालणं मला मुळातच पटत नाही. या क्षेत्रात पीएच.डी. करणाऱ्याला पैसे मिळतात. नेदरलँड्समध्ये तर बहुतेक ठिकाणी तो विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. आपल्याकडे जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) महिना 37 हजार, पुढे एसआरएफ (वरिष्ठ) 42 हजार, घरभाडं वेगळं. आणि कोरडवाहू ज्वारीचं रान ब्रिटनमध्ये कुठलं? सोलापूरचं कोरडवाहू संशोधन केंद्र तिच्याच विद्यापीठाचं आहे. बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताण (दुष्काळ, उष्णता वगैरे) व्यवस्थापन संस्था, हैदराबादला केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्था ('क्रीडा'), तिथेच जवळ पाटणचेरूला कोरडवाहू पिकांवरची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था इक्रिसॅट. कृषी पीएच.डी.ची अखिल भारतीय परीक्षा तिने दिली आहे का, हे पत्रात नाही. एक वर्ष थांबून ती द्यावी आणि परदेशात फक्त पगारी जागांनाच अर्ज करावेत. विद्यापीठाला प्रवेश पुढे ढकलता येतो का, तेही विचारा.

दोन एकर विकू नका.