शाळेच्या तक्रारपेटीत मुलाने खोटी चिठ्ठी टाकली, तर त्याच्यावर गुन्हा दाखल होतो का?

तुमच्या नववीतल्या मुलाने वर्गमित्राच्या दप्तरात अमली पदार्थ असल्याची खोटी चिठ्ठी तक्रारपेटीत टाकली आणि आता शाळा पोलिसांत जाण्याची व दाखला हातात देण्याची भाषा करीत आहे, असे तुम्ही लिहिले आहे. मी एका माध्यमिक शाळेतून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. अशाच एका चिठ्ठीवरून एका मुलाचे दप्तर भर वर्गात उलटे करणारा माणूस मीच होतो, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

आधी तुमच्या भीतीबद्दल. मूल अठरा वर्षांखालील असेल, तर बाल न्याय अधिनियम २०१५ लागू होतो, आणि केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांतील आठव्या नियमाप्रमाणे गुन्हा निर्घृण स्वरूपाचा असल्याशिवाय किंवा तो प्रौढांच्या साथीने केलेला असल्याशिवाय एफआयआर नोंदवला जात नाही. डायरीत नोंद होते आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो. चिठ्ठी शाळेच्या भिंतींतच राहिली असेल, तर फार तर बदनामीचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ चा मुद्दा निघतो. पोलिसांना खोटी माहिती देऊन दुसऱ्याला त्रास व्हावा असा हेतू असेल, तर कलम २१७ आहे. पहिल्यात शिक्षा दोन वर्षांपर्यंत, दुसऱ्यात एक वर्षापर्यंत, आणि दोन्ही अदखलपात्र आहेत. ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत असते, तो या अधिनियमाच्या भाषेत किरकोळ गुन्हा होय. मंडळ अशा मुलाला समज देऊन घरी पाठवू शकते, समुपदेशनाला किंवा समाजसेवेला लावू शकते, आणि पालकांना दंडही करू शकते. मुलाच्या जन्माची माती होईल असे यात काही नाही, आणि माझ्या मते नसावेही.

आता आमच्या शाळेत काय झाले ते सांगतो. पेटी पाण्याच्या टाकीशेजारी टांगलेली होती आणि ती दर शनिवारी तिघांच्या समक्ष उघडावी असे ठरलेले होते. एका मंगळवारी शिपायाला पेटीच्या फटीतून अर्धी बाहेर आलेली चिठ्ठी दिसली. ती त्याने माझ्या हातात आणून दिली. वहीच्या फाडलेल्या पानावर, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिल्यासारख्या वाकड्या अक्षरांत, नववीतल्या एका मुलाचे नाव होते, त्याच्या दप्तरात चाकू आहे असे लिहिले होते आणि मधल्या सुट्टीत तो कोणाला तरी मारणार आहे असा इशारा होता. मधल्या सुट्टीला पस्तीस मिनिटे उरली होती. मी तिसऱ्या तासाला त्या वर्गात गेलो, शिक्षकांना बाजूला केले, त्या मुलाला उभे केले आणि त्याचे दप्तर सर्वांसमोर टेबलावर रिकामे केले. चाकू निघाला नाही. कंपासपेटी निघाली, डबा निघाला, आणि तळाशी चार घड्या घातलेला गणिताचा पेपर निघाला, ज्यावर वीसपैकी तीन गुण होते आणि पालकांच्या सहीची जागा कोरी होती. पुढच्या बाकावरच्या मुलांनी तो आकडा वाचला. त्या दिवसापासून दहावी संपेपर्यंत त्या मुलाला वर्ग ‘चाकू’ म्हणत असे, आणि अधूनमधून ‘तीन’.

चौथ्या दिवशी एक आई आपल्या मुलाला दंडाला धरून घेऊन आली. त्याने आणि त्याच्या मित्राने मिळून चिठ्ठी लिहिली होती, कारण त्या मुलाने चाचणीत त्यांची कॉपी दाखवून दिली होती. दप्तर तपासले जाईल, थोडी गंमत होईल, एवढाच त्यांचा हिशोब होता. ज्याचे दप्तर मी उलटे केले त्याचे वडील मात्र रास्तच संतापलेले होते. ते मला आणि मुख्याध्यापकांना पोलीस ठाण्यात घेऊन गेले. तेथील उपनिरीक्षकांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मुले चौदा वर्षांची आहेत, एफआयआर होणार नाही, मी डायरीत नोंद करतो. पण दप्तर वर्गात सगळ्यांसमोर कोणी उघडले?” मुख्याध्यापक माझ्याकडे पाहू लागले.

परत येताना त्यांचा आग्रह एकच होता, की दोन्ही मुलांचे दाखले काढून द्यायचे, म्हणजे जरब बसेल. मी विरोध केला, आणि तो वाद आमच्यात माझ्या निवृत्तीपर्यंत चालला. त्यांचे म्हणणे असे, की खोटी चिठ्ठी लिहिणाऱ्याला सोडले तर उद्या पेटी चिठ्ठ्यांनी भरेल. माझे म्हणणे असे, की त्याला उखडून टाकले तर पेटी रिकामी राहील, कारण जे मूल खरे लिहायला निघाले आहे त्यालाही आपले खरे सिद्ध होईलच याची खात्री नसते. आदल्याच वर्षी व्हॅनचालक फोनवर बोलत गाडी चालवतो हे आम्हाला त्याच पेटीतून कळले होते. शेवटी दाखले दिले गेले नाहीत. पण रंगकामासाठी म्हणून पेटी उतरवली गेली आणि पुन्हा टांगली गेली नाही.

मुलांच्या खोट्या तक्रारींबाबत कायदा करणाऱ्यांनीही हा विचार केलेला दिसतो. पोक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे अशा अत्याचाराची, बदनाम करण्याच्या हेतूने खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढाला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, परंतु खोटी माहिती देणारे बालक असेल तर त्याला कोणतीही शिक्षा करता येत नाही. माझ्या मुख्याध्यापकांना हे कलम मी दोनदा वाचून दाखवले होते.

अर्थात मी वकील नाही, आणि वरचे सारे तुमच्या मुलाच्या चिठ्ठीपुरते आहे. शाळेत बॉम्ब ठेवल्याचा निनावी मेल ही निराळी गोष्ट होय. डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीतील काही शाळांना आलेले असे मेल परीक्षा टळावी म्हणून विद्यार्थ्यांनीच पाठवले होते, असे पोलिसांनी सांगितले होते. तेथे भारतीय न्याय संहितेचे लोकांत घबराट पसरवण्याचे कलम ३५३ आणि निनावी धमकीचे कलम ३५१ लागू शकते, फोन व संगणक जप्त होतो, आणि विद्यार्थी अठरा पूर्ण केलेला असेल तर बाल न्याय अधिनियमाचे छत्र उरत नाही.

दाखल्याबाबत तुमची बाजू थोडी कच्ची आहे, हेही सांगितले पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १६ मुलाला शाळेतून काढू देत नाही, पण ते आठवीपर्यंतच. तुमचा मुलगा नववीत आहे. म्हणून शाळेने जे काही म्हणायचे ते लेखी मागा, तुमचे उत्तरही लेखी द्या, आणि चौकशी सुरू झाली असेल तर पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मुलाचे नाव फिरू देऊ नका, कारण अशा मुलाची ओळख उघड करणे हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. मात्र शाळा तुम्हाला ज्या सभेला बोलावील, तिच्या आधी मुलाला घेऊन त्या दुसऱ्या मुलाच्या घरी जा. मी त्या मुलाच्या घरी जायला तीन आठवडे लावले होते, तेव्हा तो बाहेरच्या खोलीत आलाच नाही.

आणि सभेत जरबेचा विषय निघाला, तर त्या मुलाचे दप्तर कोणी, कोठे आणि कोणासमोर तपासले, हे आधी विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.