अंतर काढणाऱ्या साइटवर दोन छोट्या गावांच्या विमानतळांमधलं अंतर ३४० किमी आणि फ्लाइट ५५ मिनिटांची दाखवतंय, पण तिकीट साडेनऊ तासांचं येतंय. खरं काय?

ते ५५ मिनिटं आधी डोक्यातून काढून टाका. दोन्हीकडचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर काढायचं, त्याला जेटच्या ताशी ८०० किमीने भागायचं, वर टेकऑफ-लँडिंगचा अर्धा तास टाकायचा, झाली ५५ मिनिटं. तिथे विमान उडतं की नाही हे त्या हिशोबात नसतंच. आणि उडालंच तर बहुतेक एटीआरसारखं पंख्याचं, ताशी ५०० च्या आसपास जाणारं.

ह्याच आकड्यावरून आमच्या घरात चार वर्षं धुसफूस चालू आहे. आईला अचानक ऑपरेशनला घ्यायचं ठरलं, दादाचा पहाटे फोन आला, त्याने मोबाईलवर असलंच काहीतरी बघितलेलं, म्हणाला तासाभराचं तर विमान आहे, दुपारच्या आत पोचशील. डायरेक्ट विमान नव्हतंच. जायचं होतं पूर्वेला आणि आधी जावं लागलं पश्चिमेला, मोठ्या विमानतळावर, तिथे साडेचार तास बसलो, मग दुसरं विमान लेट होत होत कॅन्सलच झालं, कारण तिकडच्या धावपट्टीला लाइट नाहीत, अंधार पडायच्या आत उतरायला हवं. काचेबाहेर चांगलं ऊन होतं आणि काउंटरवरची मुलगी सूर्यास्ताचं कारण सांगत होती, मला ते पटेचना. पोचलो दुसऱ्या दिवशी साडेअकराला. सगळ्या कागदांवर दादाने एकट्याने सह्या केल्या होत्या. मला बघून एवढंच म्हणाला, विमानाने यायला दीड दिवस लागतो का कोणाला? अजूनही म्हणतो. तो बोर्डिंग पास मी पाकिटात ठेवलाय, त्यावरची शाई उडत चाललीये, वेळ जेमतेम वाचता येते.

त्यामुळे तुमचे साडेनऊ तास हेच खरं, वर घर ते विमानतळ धरा. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घ्या, वेगवेगळी तिकिटं काढलीत आणि पहिलं लेट झालं तर दुसऱ्या कंपनीला काही देणंघेणं नसतं. दिवसाचं शेवटचं विमान तर घेऊच नका. ३४० किमी हवाई म्हणजे रस्त्याने साडेचारशेही भरतील, तरी रस्ता बरा असेल तर गाडीने आधी पोचाल.

अर्थात मध्ये समुद्र किंवा डोंगर असेल आणि थेट विमान असेल तर माझं सगळं सोडून द्या. स्कॉटलंडमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही दोन बेटांमधली फ्लाइट जेमतेम पावणेतीन किलोमीटरची आहे, दोन मिनिटांत पोचवते.

आणि निघायच्या आधी घरच्यांना तिकिटाचा फोटो पाठवा, मधल्या थांब्यासकट. मी पाठवला नव्हता. दादा, तू हे वाचत असशील तर, तुझा फोन ५:४० ला आला होता आणि ६:१० ला मी घराबाहेर होतो.