फोटो गेले, फळी राहिली

विचारा, सांगते : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार काकू. करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे, आजोबांच्या वेळेपासूनचं. आजूबाजूची बरीच बंद पडली, आमचंही किती हंगाम चालेल सांगता येत नाही. त्यावर ब्लॉग लिहावा असं मनात आहे. घरचे म्हणतात, आता वाचतंय कोण, व्हिडिओ काढ आणि टाक. तुम्ही २००५पासून ब्लॉग लिहिताय. सुरुवातीच्या त्या दिवसांत काय शिकलात? आणि आमचे गुळवे, म्हणजे गूळ करणारे, मामा आहेत, त्यांचं नाव घातलं तर चालेल का?

उत्तर : व्हिडिओ जरूर काढ. पण लिहीसुद्धा, आणि लिहिताना व्हिडिओ नाहीच असं धरून लिही. मी हे कशावरून म्हणते ते सांगते.

ब्लॉग लिहायची ‘ब्लॉगर’ ही साइट १९९९पासून होती, २००३मध्ये ती गुगलने घेतली, आणि पैसे पडत नव्हते. अडचण होती ती मराठीची. तेव्हाच्या विंडोज एक्सपीत देवनागरी धड दिसायची नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन भारतीय भाषांची सोय वेगळी चालू करावी लागे, आणि त्याला बहुतेकदा विंडोजची सीडी लागे. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेवाल्यानं माझ्यासाठी कोपऱ्यातल्या पीसीवर ती घातली. तो पीसी रिकामा होईपर्यंत मी बाकावर बसून राहायची. तासाला वीस रुपये. त्यामुळे घरून सगळं वहीत लिहून न्यायचं आणि तिथं नुसतं टाइप करायचं. ही वहीची सवय मी आजही सोडलेली नाही.

त्याच वर्षी पूर आला. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत जयंती नाल्याचं पाणी शिरलं. गणपती महिन्यावर आलेले, त्यामुळे शेडाशेडांतून मूर्ती भरलेल्या. पहिल्या दिवशी माझ्याकडे भाच्याचा डिजिटल कॅमेरा होता. पाच फोटो काढले आणि नंतर ब्लॉगवर टाकले. खाली एकच ओळ लिहिली, ‘पाणी कुठवर आलं ते फोटोत बघा.’

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याचे सेल संपले आणि गल्लीत वीज नव्हती. मग जे दिसलं ते वहीत उतरवलं, तीच माझी दुसरी पोस्ट. भिंतीला लाकडी फळ्या, एकावर एक चार. पाणी दुसऱ्या फळीच्या वर चार बोटं. पहिल्या फळीवरच्या शाडूच्या मूर्ती बसल्या जागी विरघळल्या होत्या. दुसऱ्या फळीवरच्या पायातून खचून एकमेकींवर कलंडल्या होत्या. तिसरी फळी कोरडी. कुंभारीण गुडघाभर पाण्यात उभी राहून पाटावरचे गोळे घमेल्यात काढत होती. मी विचारलं, आता काय करणार? म्हणाली, ‘माती हाय, परत मळायची.’

पुढं काही वर्षांनी, मी फोटो जिथं फुकट ठेवले होते ती साइट बंद झाली. बंद होणार असल्याचे मेल आलेही असतील, पण त्या जुन्या पत्त्यावर मी जातच नव्हते. आता त्या पहिल्या पोस्टमध्ये पाच रिकाम्या चौकटी आहेत आणि त्यांच्याखाली ‘फोटोत बघा’.

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोक्याच्या खुणेकडे चालली होती. तेव्हा त्याच शेडातल्या मुलाचा फोन आला. ‘काकू, पाचच्या पुरात आमच्यात पाणी कुठवर आलतं? बाबांना आता काही आठवत नाही.’ पहिल्या पोस्टमध्ये त्याला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. दुसरी वाचून दाखवली. दुसऱ्या फळीवर चार बोटं. त्यानं तिसऱ्या फळीचा भरवसा धरला नाही, रात्रीत मूर्ती माळ्यावर चढवल्या. त्या वर्षी नदी ५५ फुटांच्या वर गेली आणि चारही फळ्या बुडाल्या.

म्हणून तुला सांगते. व्हिडिओत काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, दिसेल, वाफ दिसेल, ढेपा दिसतील. पण मामा रस कुठल्या क्षणी उतरवायला सांगतात, ते का सांगतात, हे दिसणार नाही. पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतात ना? ती गोळी किती मऊ चालते, किती घट्ट झाली तर उशीर झाला, ते मामांच्या शब्दांत लिही. भेंडीची झाडं कुटून तिचं पाणी उकळीत घालतात, मग मळी, म्हणजे रसातली घाण, वर येते. ती पहिली मळी कशी दिसते, दुसरी कशी, झारा कधी फिरवायचा, ते लिही. तुमची काहील किती लिटरची, एका आदणाला, म्हणजे काहिलीच्या एका खेपेला, किती वेळ, ऊस कुठल्या जातीचा, चिपाड किती दिवस वाळवता, आजोबांच्या काळात ढेप किती किलोची होती आणि आता किती. प्रत्येक नोंदीवर तारीख घाल. कोल्हापूरच्या गुळाला २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे कुणालाही कुठंही सापडेल. तुमच्या मामांचं बोट कशाची वाट बघतं ते तुझ्याशिवाय कोण लिहिणार?

‘इथे वाचा’ म्हणून दुसऱ्याच्या पानाची लिंक दिलीस तर त्यात काय आहे ते दोन ओळींत स्वतः सांग. माझ्या पहिल्या दोन वर्षांतल्या बहुतेक लिंका आज कुठंच जात नाहीत.

वाचकांच्या आकड्याचं थोडक्यात सांगते. तेव्हा पानाच्या तळाशी भेटींचा आकडा लावायची पद्धत होती. पांढऱ्या रश्श्याच्या पाककृतीला तो भराभर वाढला, म्हणून मी वर्षभर पाककृतीच लिहिल्या. त्या वर्षात गल्लीतली दोन म्हातारी माणसं गेली, ज्यांच्याशी मी बोलायचं ठरवलं होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तू आकडा लावू नकोस.

लिहिलेलं जपायचं कसं, तेही एका धक्क्यानं शिकले. जुलै २००६मध्ये सरकारनं काही मोजकी पानं बंद करायला सांगितली, आणि इंटरनेट पुरवणाऱ्यांनी, ब्लॉगरवरचे ब्लॉग जिथं उघडतात ते अख्खं ब्लॉगस्पॉटच बंद केलं. काही दिवस माझं स्वतःचं लिखाण मलाच उघडेना. त्यानंतर मी दर महिन्याला प्रत काढून ठेवते. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये बॅकअपची सोय आहे, ती फाइल पेनड्राइव्हवर ठेव. शिवाय वर्षातून एकदा सगळं छापून बांधून घे आणि एक प्रत वाचनालयाला देता येते का विचार. आपलं करवीर नगर वाचन मंदिर १८५०पासून उभं आहे. एवढं वय कुठल्या साइटचं आहे?

आता मामांचं नाव. इथं मी चुकले होते. पुरात शेजाऱ्यांचं घर पडलं. त्यांची हकिगत मी नावानिशी लिहिली, त्यात कर्जाचा आकडाही लिहिला. मनात फक्त कळवळा होता, पण विचारलं नाही. त्यांच्या मुलीच्या सासरी कुणीतरी ती वाचली. ते माझ्या दारात आले, ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, ‘बाई, माझं मला सांगू द्यायचं होतं.’ मी त्या रात्रीच ती पोस्ट काढली आणि सकाळी जाऊन माफी मागितली. ते बोलायला लागले, पण पूर्वीसारखं नाही.

म्हणून लिहून झालं की मामांना बसवून मोठ्यानं वाचून दाखव. ते दुरुस्त्याही सांगतील, त्या कर. हो म्हणाले तर पूर्ण नाव घाल, गावासकट. त्यांनी उचल किती घेतली, घरी दुखणं काय, हे मात्र त्यांनी आपणहून सांगितलं तरी लिहू नकोस.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. माझ्या वडिलांच्या आठवणी २००२ साली एका टायपिस्टकडून मराठीत टाइप करून सीडीवर घेतल्या होत्या. वडील आता नाहीत, छापील प्रत पुरात गेली. सीडी उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि खुणा दिसतात. मजकूर गेला का?

उत्तर : नाही सर, बहुधा गेलेला नाही. त्या काळात शिवाजीसारखे फॉन्ट वापरायचे. त्यांत इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं नुसतं चित्र बसवलेलं असे. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच. फॉन्ट नसेल तर तुम्हाला दिसतं तसं दिसतं. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःची जागा आहे, म्हणून आता तो त्रास होत नाही. ब्लॉगच्या आधीचे माझे अकरा लेख असेच अडकले होते.

आधी सीडीची प्रत काढा, जुनी सीडी कधी दगा देईल सांगता येत नाही. मग फाइल वर्डमध्ये उघडून मजकुरावर क्लिक करा. वरच्या फॉन्टच्या चौकटीत त्याचं नाव दिसेल, फॉन्ट तुमच्याकडे नसला तरी. तोच फॉन्ट मिळवून घातला की अक्षरं लागतील. त्यानंतर त्या फॉन्टचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारी सोय शोधा. ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं हमखास इकडची तिकडे होतात, तेव्हा मूळ फॉन्टातलं पान शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा. हे काम दुसऱ्याला देऊ नका. वडिलांचा शब्द कुठला आणि यंत्राची चूक कुठली, हे तुम्हालाच ओळखू येईल.

फॉन्टचं नाव सापडलं नाही तर फाइलचं एक पान मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, मी बसून बघते. आणि सापडलं तर पहिली ओळ मला लिहून कळवा.