वाचकांचे प्रश्न : गायिकेच्या कानात काय द्यावे?

प्रश्न : ऐरोलीतील आमच्या घराच्या एका खोलीत आम्ही भावगीते आणि अभंग ध्वनिमुद्रित करतो. गायिका, हार्मोनियमवादक, तबलावादक आणि रेकॉर्डिंग सांभाळणारा मी, असे चौघे असतो. आमच्याकडे चार इन आणि चार आउट असलेला इंटरफेस (मायक्रोफोनचा आवाज संगणकात नेणारे आणि परत आणणारे यंत्र) आहे. त्याच्या हेडफोनच्या सॉकेटला स्प्लिटर लावून घरातले चार निरनिराळे हेडफोन आम्ही जोडतो. त्यात कोणाला आवाज पुरत नाही, तर कोणाला कर्कश वाटतो. सूर सापडत नाही म्हणून गायिका एक कान उघडा ठेवते आणि मग तिच्या मायक्रोफोनमध्ये मेट्रोनोमची, म्हणजे लय धरून ठेवणाऱ्या साधनाची, टिकटिक उतरते. गायिकेसाठी एक उत्तम ओपन-बॅक हेडफोन घ्यावा, असा विचार आहे. तो योग्य ठरेल का? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : ओपन-बॅक हेडफोन कृपया घेऊ नका. त्याची पाठ जाळीदार असल्यामुळे आवाज मोकळा आणि सुखद लागतो, आणि मिक्सिंग करताना आपल्याला स्वतःला तो आवडेलही. मात्र गायिकेच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर कंडेन्सर मायक्रोफोन असताना त्याच जाळीतून बाहेर पडणारी टिकटिक थेट त्यात जाते, आणि आज जी तक्रार आहे तीच अधिक पैसे मोजून वाढते. माझ्याच एका जुन्या ध्वनिमुद्रणात आलाप विरत जातो त्या जागी ही टिकटिक इतकी स्पष्ट ऐकू येते की शेवटी मला तो आलाप लवकर संपवावा लागला होता. गायिकेसाठी पाठ बंद असलेला, कान पूर्ण झाकणारा हेडफोन हवा. सोनीचा एमडीआर-७५०६, सेनहायझरचा एचडी २८० प्रो, बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो किंवा ऑडिओ-टेक्निकाच्या एम मालिकेतील कान पूर्ण झाकणारा हेडफोन या कामाला चालतो, आणि त्यांच्यातील स्वरभेदावर गायिका गात असताना फारसे काही अवलंबून नसते.

तरीही माझे मत असे आहे की आपला पहिला खर्च हेडफोनवर होऊ नये. खरी अडचण त्या स्प्लिटरमध्ये आहे. ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचे माप; ३२ ओहमचे चार हेडफोन समांतर जोडले की इंटरफेसला ८ ओहमचा भार ओढावा लागतो, जो बहुतेक छोट्या इंटरफेसना पेलत नाही. त्यात एक हेडफोन २५० ओहमचा आणि दुसरा ३२ ओहमचा असेल, तर संवेदनशीलता सारखी धरली तरी पहिल्याचा आवाज सुमारे ९ डेसिबलने कमी येतो. डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा निरनिराळ्या आवृत्त्यांत मिळतो, म्हणून घेताना खोक्यावरचा आकडा अवश्य वाचावा. प्रत्येकाला आवाजाची स्वतंत्र खुंटी देणारा, चार सॉकेटचा छोटा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर आणला की ही कुरकुर थांबते.

यापुढची गोष्ट अधिक मोलाची आहे, आणि तिला जवळजवळ पैसे लागत नाहीत. गायिकेला तानपुरा व हार्मोनियम जास्त आणि टिकटिक अगदी कमी हवी असते, तर तबलावादकाला नेमके उलटे हवे असते. दोघांना एकच मिश्रण दिले की त्यातील एकजण नाइलाजाने आवाज वाढवत राहतो. आपल्या इंटरफेसला चार आउट आहेत आणि ध्वनिमुद्रण चालू असताना स्पीकर बंदच असतात, म्हणजे आउटपुटच्या दोन्ही जोड्या मोकळ्या आहेत. इंटरफेसचा स्वतःचा हेडफोन सॉकेट कोणत्या जोडीवर चालतो हे माहितीपुस्तिकेत पाहून तो एकट्या गायिकेला द्यावा, आणि दुसरी जोडी अ‍ॅम्प्लिफायरला जोडून त्यावर दोघे वादक आणि आपण ऐकावे. अशा अ‍ॅम्प्लिफायरना बहुधा एकच स्टिरिओ जॅक असतो, त्यामुळे एका टोकाला दोन मोनो आणि दुसऱ्या टोकाला एक स्टिरिओ जॅक असलेली केबल लागेल. ती तयार न मिळाल्यास लॅमिंग्टन रोडवर करून मिळते.

गायिका एक कान उघडा ठेवते, ही सवय मोडू नये. कानात साथ फार मोठी झाली की स्वतःचा आवाज हाडांतून आणि खोलीतून जसा ऐकू यायला हवा तसा येत नाही, आणि सूर ढळतो. त्या उघड्या बाजूचा आवाज सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण बंद करावा, म्हणजे लोंबकळणाऱ्या त्या कपातून टिकटिक गळणारच नाही. तिचा स्वतःचा आवाज मात्र संगणकातून फिरवून देऊ नये. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर (संगणक आवाजाचा जो तुकडा साठवून मग पुढे पाठवतो तो) ठेवला तर एका दिशेने ५.३ मिलिसेकंद लागतात, जाऊन-येऊन दुपटीहून अधिक, आणि गळ्यातून थेट ऐकू येणाऱ्या आवाजाशी हा उशिराचा आवाज मिसळून पोकळ, नळीतून आल्यासारखा लागतो. इंटरफेसवरचे डायरेक्ट मॉनिटरिंग (मायक्रोफोनचा आवाज संगणकात न फिरवता थेट हेडफोनला देण्याची सोय) चालू करून सॉफ्टवेअरमधील तिच्या ट्रॅकचे मॉनिटरिंग बंद करावे. दोन्ही चालू राहिले तर आवाज दुहेरी येतो.

हेडफोन निवडताना आपल्या खाडीकाठच्या दमट हवेचाही विचार करावा. घामाने कृत्रिम चामड्याच्या गाद्या दोन-तीन पावसाळ्यांत सोलवटतात, म्हणून ज्यांच्या गाद्या सुट्या मिळतात तेच हेडफोन घ्यावेत. मखमली गादी सुखाची असते, पण ती चामडी गादीइतका आवाज अडवत नाही.

एक वेगळी सूचना करतो. अभंगासारखे गीत तिघे एकाच खोलीत समोरासमोर बसून गात-वाजवत असतील, तर मेट्रोनोम खरोखर हवाच का, याचा विचार व्हावा. समेवर येताना गायिका आणि तबलजी एकमेकांकडे पाहतात, आणि ते काम कोणत्याही हेडफोनने होत नाही.

प्रश्न : तारांचा गुंता टाळण्यासाठी ध्वनिमुद्रणात ब्लूटूथ हेडफोन वापरता येतील का? — एक तबलावादक, नौपाडा, ठाणे

उत्तर : नाही. सामान्य ब्लूटूथ जोडणीत आवाज १०० ते २०० मिलिसेकंद किंवा त्याहूनही उशिरा कानात पोहोचतो. द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची होते, आणि १५० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे अर्ध्या मात्रेहून अधिक मागे पडणे. झालेले रेकॉर्डिंग घरी ऐकण्यासाठी ते खुशाल वापरावेत. वाजवताना तीन मीटरची साधी तार खुर्चीच्या मागून नेऊन कपड्याला चिमट्याने अडकवली, तर ती हाताच्या आड येत नाही आणि डग्ग्यावरही आपटत नाही.