लातूरकडं गावी घर बांधायचंय. थंडाव्यासाठी जुन्यासारखं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, घालावं का?

तुम्ही लिहिलंय की निलंगा तालुक्यात आजोबांचं माळवदाचं घर उतरवून नवं बांधायचंय. भावाचं स्लॅबचं घर एप्रिल-मेमध्ये भट्टीसारखं तापतं, म्हणून पुन्हा दगड-मातीचं, निसर्गाला धरून असलेलं घर हवंय. विचार चांगला आहे, पण माळवद घालू नका. मी माळवदाखालीच वाढलो आणि आता बांधकामावरच पोट आहे, म्हणून हे जरा ठासून सांगतोय.

माळवद थंड असायचं ते वजनामुळं. तुळया, त्यावर फळ्या, फळ्यांवर पाला आणि वर दीड-दोन फूट माती. दुपारचं ऊन एवढ्या मातीतून खाली उतरेपर्यंत रात्र पडायची, आणि तोवर माणसं अंथरूण घेऊन माळवदावर गेलेली असायची. पाच इंची स्लॅबमधून तीच उष्णता संध्याकाळीच खोलीत येते, नेमकी आपण टेकायच्या वेळेला.

आता हिशोब करा. दोन फूट मातीचं वजन चौरस मीटरला जवळपास एक टन भरतं. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीवर नऊ टन, तेही माती कोरडी असताना. स्लॅबचं वजन याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. शिवाय माळवद दरवर्षी वाढायचं. मृगाआधी खारी माती पसरायची, गळायला लागलं की आणखी चार पाट्या टाकायच्या. जुनी माती खरवडून काढायचे कष्ट क्वचितच कुणी घ्यायचं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हेच वजन झोपलेल्या माणसांवर आलं. भिंती दोन-तीन फूट जाड होत्या, पण आतून-बाहेरून दगड रचून मध्ये माती आणि खडे भरलेले. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा, आरपार जाणारा दगड बहुतेक भिंतींत नव्हताच. हादरा बसला तशा भिंती फुगून दुभंगल्या. पुष्कळ ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा खण उभा राहिला आणि भोवतीची भिंत तेवढी ढासळली. त्यामुळं ‘जुनं ते सोनं’ कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, त्यातलं नेमकं काय?

घ्यायचं ते हे. भिंत दगडाची चालेल, पण सिमेंटमध्ये बांधलेली, दर दोन फुटांवर आरपार दगड, आणि जोत्याला, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सलग आरसीसीचा (सळई घातलेल्या काँक्रीटचा) पट्टा. पट्ट्यावर पैसे वाचवू नका. छत स्लॅबचंच ठेवा, मात्र त्याला ऊन लागू देऊ नका: फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवा, नाहीतर दर उन्हाळ्याआधी चुन्याचे दोन हात मारा. स्वस्तातला सगळ्यात मोठा फरक इथंच पडतो. पश्चिमेला झोपायची खोली नको. जिना, न्हाणी, कोठी तिकडं ढकला. जुन्या घरात छताला साणं (उघडं भोक) असायचं, त्यातून गरम हवा वर निघून जायची. तसंच छताजवळ समोरासमोर झरोके ठेवा आणि रात्री उघडे टाका.

आणखी एक, जे नकाशात दिसत नाही. जुन्या गावात गल्ल्या अरुंद, घराला घर लागून, त्यामुळं एकाची सावली दुसऱ्याच्या भिंतीवर पडायची. भूकंपानंतरच्या पुनर्वसनातल्या गावांत प्लॉट मोठे, रस्ते रुंद; प्रत्येक घर चारी बाजूंनी उन्हात. (जवळजवळ बांधायची भीती समजण्यासारखी होती, ते सोडा.) तुमचं घर शेतात एकटंच असेल तर सावली तुम्हालाच उभी करावी लागेल. पाया खोदायच्या आधीच पश्चिमेला कडुलिंब लावा, भिंतीपासून पंधरा-वीस फूट लांब.

शेतात बांधणार असाल तर पाया नीट बघा. आपल्याकडं गाव पांढरीवर (पांढऱ्या मातीवर) आणि शेती काळीवर, ही वाटणी उगाच नव्हती. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि वरची भिंतही फाडते. मुरूम लागेपर्यंत खाली जा. तो फार खोल असेल तर इंजिनिअरला दाखवून पाइलचा (जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांचा) पाया घ्या.

आणि घर उतरवताना सागवान भंगारवाल्याला देऊ नका. किडलेलं बाजूला काढून उरलेल्या खांब-तुळयांची पुढं ओसरी होईल. वर कौलं टाका, माती नको.